मामाची मांडी

माझ्या आजाराला डॉक्टरांनी नाव दिलं तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. त्याआधी आमच्या घरात त्याला एकच नाव होतं, धर्मामामा.

धर्मामामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. उरणच्या बाजूला खाडीकाठी आईचं माहेर, मासेमारी करणारं कोळ्याचं घर. मामा लहानपणीच बहिरा झाला. विशीच्या आसपास त्याची मान एका बाजूला वळायला लागली, मग उजवा हात पिळवटला, मग चाल वाकडी झाली. डॉक्टरच्या आधी गावाने निदान केलं. खाडीत जाळं लावताना त्याला गिऱ्हाने धरलं म्हणे. गिऱ्हा म्हणजे आमच्याकडचं पाण्यातलं भूत. ते माणसाची मान मुरगळतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि मामाची मान तर मुरगळलेलीच होती. आणखी पुरावा कशाला हवा? भगताकडे नेऊन त्याला धुरी दिली, फोकांनी झोडपलं. मान तशीच राहिली, पाठीवर वळ तेवढे उठले.

असा एखादा मामा अजून कुठल्यातरी घरात असेल, आणि त्या घरात एखादं भाचरू जन्माला आलं असेल. त्याच्या आईच्या हाती हे लिखाण पडावं म्हणून लिहायला बसलो आहे. वैद्यकशास्त्रातलं मला फार कळत नाही. मी महेश, पनवेलच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढणारा माणूस. जे अंगावरून गेलं तेवढं सांगतो.

पहिली मांडी

आमच्याकडे बाळाचं जावळ काढतात ते मामाच्या मांडीवर. पहिले केस मामाच्या मांडीवर पडायला हवेत, नाहीतर ते जावळच नव्हे. माझ्या जावळाच्या वेळी धर्मामामाची मान वळायला लागलेली होती. बाबांच्या घरच्यांनी आईला सांगितलं, चुलतभावाला बसव, मामा काय, कुठलाही चालतो. आई तेव्हा विशी-बाविशीची, पण ऐकेल तर शपथ. म्हणाली, "माजा सख्खा भाव जिता हाय. दुसऱ्याची मांडी कशाला?" आणि तिने मला मामाच्या मांडीवर दिलं.

चौथ्या वर्षी माझे कान गेले.

पुढचं वेगळं सांगायला नको. त्या दिवसापासून आईला सगळ्यांनी तेच ऐकवलं, की तू त्या मांडीवर दिलास, गिऱ्हा तिकडून इकडे आला. भांडण कशावरूनही सुरू होवो, कालवण खारट झालं म्हणून होवो, शेवट मांडीवर व्हायचा. मला ते ऐकू येत नव्हतं, पण आईची मान खाली जाताना दिसायची. बाबा गेले, त्यांच्या घरचे पांगले, पनवेलच्या बाजारात मासळी विकून आईने मला आणि बहिणीला वाढवलं, पुढे ती माझ्याबरोबर सुकापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. ती मांडी मात्र तिच्या डोक्यातून उतरली नाही.

मला आठवतो तो मामा भुताने धरलेला नव्हता. माझे कान गेल्यावर घरात सगळे माझ्याशी ओरडून बोलायचे, जणू मी डोंगरापलीकडे राहतो. मामा एकटा असा होता की जो समोर बसायचा. त्याने मला ओठ बघायला शिकवलं. हात मनगटातून लुळा सोडला की बोंबील, दोन बोटं चिमटीसारखी आपटली की चिंबोरी, आणि गाल फुगवले की माझी आई. आम्ही दोघं ओट्यावर बसून गावभराची टिंगल करायचो आणि कोणाला पत्ता नसायचा.

मी शाळेत असताना मामा गेला. ओहोटीला चिखलातून चालत तो होडकं आणायला गेला होता, संध्याकाळ होत आली होती आणि पाणी वळलं. काठावरून माणसं ओरडली. खूप ओरडली, असं सगळे आजही अभिमानाने सांगतात. बहिऱ्या माणसाला ओरडून बोलावत होते. आणि तोवर त्याला तिन्हीसांजेचं दिसेनासंही झालं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. भरतीने त्याला आत घेतलं. गाव म्हणालं, गिऱ्हाने नेला.

आरसा

माझं सुरू झालं ते हातापासून. माऊस धरला की अंगठा आत वळायचा. ऑफिसात म्हणाले, टायपिंगचा ताण आहे, बॉल दाबत जा. मी इमानेइतबारे बॉल दाबला. मग मान डावीकडे ओढायला लागली. उशी बदलली, गादी बदलली, शेजारच्यांनी सांगितलेलं तेल लावलं. मनात मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. माणूस स्वतःशी किती बेमालूम खोटं बोलू शकतो, ते तेव्हा समजलं.

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक आरसा आहे. एका सकाळी दार बंद झालं, मी समोर पाहिलं, तर आरशात मामा उभा होता. शर्ट माझा होता.

त्यानंतर तो हलायला तयार नाही. भिंतीवरच्या सावलीत आधी त्याची मान येते. जिना उतरताना काठीसारखा पाय पडतो तो त्याचा. मी लिफ्ट सोडून दिली आणि जिन्याने जायला लागलो, तर जिन्यातही तोच. मला भुताखेतांवर विश्वास नाही. पण विश्वास नसला म्हणून भीती वाटायची थांबते, असं ज्यांना वाटतं त्यांना भीती वाटलेली नसते.

डोळ्यांचं मी कोणाला सांगितलंच नाही. संध्याकाळी लोकांचे ओठ पुसट व्हायला लागले होते. ऐकू न येणाऱ्याचे कान म्हणजे त्याचे डोळे. तेही चालले, हे वाक्य मला मनातल्या मनातसुद्धा पूर्ण करता येत नव्हतं.

नंबर

शेवटी धाकटी बहीण रुपालीच मला ओढून हॉस्पिटलात घेऊन गेली. रुपाली खारघरला राहते, नवरा निलेश नोकरीवाला, सासरचे मूळचे पुण्याचे, माणसं चांगली आहेत.

हॉस्पिटलात बहिऱ्या माणसाची खरी परीक्षा तपासणीच्या खोलीत नसते, बाहेरच्या बाकावर असते. नाव पुकारतात. तुम्ही बसून राहता आणि तुमच्या मागचे आत जाऊन बाहेर येतात. त्यात सगळ्यांच्या तोंडाला मास्क. नुसते डोळे बघून कोण काय म्हणतंय ते मला कसं कळणार? तिथे झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांच्या हे लक्षात आलं. त्या दिवसापासून माझा नंबर आला की त्या खांद्यावर हात ठेवायच्या, मास्क हनुवटीखाली ओढायच्या आणि म्हणायच्या, "जा बाबा, तुझी बारी." एवढंच. मी औषधांची नावं विसरलो, त्या मावशींचे पान खाल्लेले दात विसरलो नाही.

एमआरआयच्या मशीनचा आवाज भयंकर असतो म्हणतात. बाहेर आलेली माणसं पांढरीफटक पडलेली असायची. मी आत छान झोपलो. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा पदरात पडला, तो इथे नोंदवून ठेवतो.

रक्त घेतलं, डोळ्यांत थेंब टाकले, पायात तारा लावल्या. मग डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं का?" आई बरोबर होती. मी तिच्याकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "माज्या भावाला होता. पन ते येगला होता." मॅडमनी विचारलं, वेगळं म्हणजे कसं? आईने पिशवीतून माझी फाईल काढून त्यांच्यापुढे सरकवली.

दोन दारं

निदानाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो होतो. मॅडमनी मास्क काढला, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि सावकाश बोलल्या. कागदावर एक लांबट गोल काढला, त्याच्या आत दुसरा.

त्या म्हणाल्या, शरीरातल्या प्रत्येक पेशीत अशा छोट्या भट्ट्या असतात, मायटोकॉन्ड्रिया. आपल्याला चालायला, बघायला, ऐकायला लागणारी ऊर्जा तिथे तयार होते. पण भट्टी चालवायला जी प्रथिनं लागतात ती जवळजवळ सगळी भट्टीच्या बाहेर बनतात. ती आत न्यावी लागतात. भट्टीला दोन पडदे, म्हणून दारं दोन. प्रथिन घडी घातलेलं असेल तर दारातून जात नाही, ते दोऱ्यासारखं सरळ होऊन जातं. बऱ्याच प्रथिनांच्या टोकाला पत्ता चिकटवलेला असतो, आत पोहोचल्यावर तो कापून टाकतात.

"आणि दोन दारांच्या मधे थोडं पाणी असतं," मॅडम म्हणाल्या. "काही प्रथिनं पाण्याला बुजतात. पाण्यात आली की एकमेकांना चिकटतात, गोळा होतात, वाया जातात. त्यांना हाताला धरून पलीकडच्या दारापर्यंत नेणारी अगदी लहान प्रथिनं असतात. त्यातलं एक महेशच्या शरीरात तयारच होत नाही."

मी मान डोलावली. ती तशीही डोलतच होती.

आई इतका वेळ त्या चित्राकडे बघत बसली होती. तिने बाहेरच्या गोलावर बोट ठेवलं. "ही मोठी बोट. खोल पान्यात उभी. ओहोटीला धक्क्याला लागत नाय." मग आतल्या गोलावर. "ह्यो धक्का. मंग टोपल्या उतरवाला मधे होडका लागतो. माल हाय, गिऱ्हाईक हाय, होडकाच नाय. असाच ना?"

"अगदी असंच," मॅडम म्हणाल्या.

"मंग मासली मधीच कुजते."

मॅडमनी दोन गोलांच्या मधे पेनाने पाण्यासारख्या रेघा मारल्या. मला मात्र ते मधलं पाणी दिसलं. बोटीपासून सुटलेला आणि काठाला न लागलेला मामा दिसला, संध्याकाळच्या पाण्यात मान वाकडी करून उभा. इतकी वर्षं तो जिथे होता ती जागा माझ्या प्रत्येक पेशीत होती.

मग आईने तो प्रश्न विचारला. "म्हंजे ते मांडीवरून नाय आला?"

मॅडमना मांडीचं काही माहीत नव्हतं. रुपालीने दोन वाक्यांत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "नाही हो आई. मांडीवर बसून हे येत नाही. हा दोष आईच्या एका गुणसूत्रावरून मुलाकडे जातो. तुमच्या आईकडून तुमच्या भावाला गेला, तुमच्याकडून याला. तुम्हाला स्वतःला त्रास होत नाही, कारण तुमच्याकडे दुसरं चांगलं गुणसूत्र आहे. यात तुमची चूक काही नाही."

इतक्या वर्षांची मांडी एका वाक्यात सुटली. आईला हलकं वाटेल अशी माझी भाबडी समजूत. तिचे ओठ मी वाचले, ते मला वाचता आले नसते तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग धर्मा सुटला. माज्यातून आला."

विषय बदलायचा म्हणून मॅडमनी रुपालीला विचारलं, "तुम्हाला मुलं?"

"एक मुलगा. आठ महिन्यांचा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला ऐकू येत नाही, पण पेन कसं ठेवलं जातं ते दिसतं. त्या म्हणाल्या, रुपालीकडे तो दोष असेल किंवा नसेल, छापा-काटा. असलाच तर बाळाचंही तसंच. तपासून घेता येईल, घाई नाही, विचार करा. रुपाली उठली. पर्सची चेन लावली. "मला नाही जाणून घ्यायचं," ती म्हणाली आणि आमच्या आधी बाहेर पडली.

तळहात

औषध नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. ठरावीक महिन्यांनी मानेत इंजेक्शनं देतात, त्याने ओढ सैल होते. व्यायाम आहेत. नव्याने ज्यांच्या घरात हे आलं असेल त्यांना सांगतो, इंजेक्शनचा पहिला आठवडा निराश करतो, मग एका सकाळी दात घासताना लक्षात येतं की आपण सरळ बघतोय. त्या सकाळी मी रडलो. तुम्हीही खुशाल रडा.

घर मात्र सरळ होईना. रुपालीचं येणं बंद झालं. व्हिडिओ कॉल लावला तर बाळ झोपलंय म्हणायची. आई बाजारात जायची, यायची, जेवायला वाढायची. कधी भाजी निवडता निवडता थांबून स्वतःच्या पोटाकडे बघत बसायची. मी विचारलं तर म्हणायची, "काय नाय."

डोळ्यांचं मी शेवटी तिला सांगितलं. तिने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर माझा हात ओढला, तळहात उघडला आणि त्यावर बोटाने 'म' काढला. मग 'हे'. चौथीपर्यंतच शिकलेली बाई, तिची अक्षरं गिचमिड, बोटाला मासळीचा वास. म्हणाली, "डोले मीट. आता वलक." मी डोळे मिटले. तिने पहिला पूर्ण शब्द लिहिला तो 'भात'. मी ओळखला. तिने टाळी वाजवलेली मला हवेच्या झुळकीने कळली. तेव्हापासून आम्ही रोज बसतो. भीती गेलेली नाही, पण तिला बसायला एक जागा झाली आहे.

दुसरी मांडी

बाळाचं, म्हणजे अर्णवचं जावळ ठरलं. निलेशच्या आईचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, फार गोड होता. महेशदादांच्या हाताला त्रास असतो, त्यांना कशाला पाटावर अवघडून बसवायचं, आमच्या बहिणीचा तुषार बसेल मामा म्हणून, दादांनी आशीर्वादाला मात्र नक्की यायचं. गावाने गिऱ्हा म्हटलं होतं, यांनी अवघडणं म्हटलं. शिकलेल्या माणसांचं भूतही इस्त्री करून येतं.

आईचा चेहरा उतरला. मी मात्र 'चालेल' असं लिहून पाठवलं, वर हात जोडलेलं चित्र. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. दोन पडदे, दोन दारं, मधलं पाणी, सगळं मला समजलं होतं. मांडीवरून काही जात नाही हे आईला मीच दहा वेळा समजावलं होतं. तरीही ते पोर माझ्या मांडीवर बसवायचं म्हटलं की मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. समजा त्याला पुढे काही झालं तर? तर मी त्याचा धर्मामामा. आयुष्यभर तो आरशात मला बघणार. रुपालीने तपासणी केली नाही हेही एका अर्थी मला बरंच वाटत होतं. छापा-काटा हवेत आहे तोवर तो हवेत आहे.

जावळाच्या दिवशी खारघरच्या त्यांच्या हॉलमध्ये पाट मांडलेला, भोवती रांगोळी, न्हावीदादा कात्री पुसत बसलेले. तुषार नवा कुर्ता घालून पाटावर. मी मागच्या खुर्चीत, मान भिंतीला टेकवून, म्हणजे ती कमी हलते. रुपाली बाळाला घेऊन आतून आली. ती तुषारजवळ थांबली नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, पाटावर बस."

"तुषार बसलाय ना."

"तू बस. मामा तू आहेस."

निलेशच्या आई काहीतरी बोलायला पुढे झाल्या. निलेशने त्यांच्या दंडाला धरलं. तुषार बिचारा उठून उभा राहिला. मी म्हटलं, "माझा हात भरवशाचा नाही गं. पडेल तो."

"मी धरते तुझा हात," रुपाली म्हणाली, आणि खरंच माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

बाळ मांडीवर आलं. मला वाटलं होतं त्याहून जड होतं, आणि गरम. न्हावीदादांनी केस ओले केले. पहिली बट कापली, ती माझ्या गुडघ्यावर पडली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी पडलं असावं. मला कळलं ते मांडीतून. अर्णवचं अख्खं अंग दचकलं, मुठी वळल्या, पाय आखडले, आणि तो आवाज त्याच्या अंगातून माझ्या मांड्यांत शिरला. खूप वर्षांनी मला काहीतरी ऐकू आलं.

सगळे हसले. निलेशच्या आई म्हणाल्या, "कान तिखट आहेत बाई पोराचे!" आई तर तोंडाला पदर लावून हसत होती. निदानाच्या दिवसानंतर तिला अशी हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. तिने माझ्याकडे बघून कानाला हात लावला, ऐकतोय, ऐकतोय, असा.

मी रुपालीकडे वळलो. तिचा चेहरा अगदी जवळ होता. लहानपणापासून आम्हा भावंडांची एक सवय आहे, मोठ्यांना कळू नये असं काही असलं की आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. मला सांगायचं नव्हतं. पण ती हसत नव्हती, आणि मला खोटं बोलवेना.

मी ओठ हलवले. "याच्या वयाचा असताना मीपण ऐकायचो."

"माहीत आहे," तिचे ओठ म्हणाले. "दोघांची तपासणी केली. परवा कळलं. त्याला आहे."

कात्री चालू होती. माझ्या गुडघ्यावर केस पडत होते.

"मग माझ्या मांडीवर कशाला दिलास?"

"मग आणखी कोणाच्या देऊ?" तिने माझा वळणारा हात दोन्ही हातांनी धरून बाळाच्या पोटावर ठेवला. "नीट धर. आईला उद्या सांगू."

मी धरलं. खोलीतल्या एकालाही आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. अर्णव मात्र मान वर करून माझ्या ओठांकडे बघत होता.